गोणी उचलणारे यंत्र आणि गावची परीक्षा

शेतीतील कष्टांचा विचार करताना नांगरणी, खुरपणी व कापणी ही कामे प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु मळणी आटोपल्यावर गोण्या उचलून गाडीत भरणे, त्या घरी उतरविणे व थप्पीस लावणे, ह्या कष्टाचा हिशेब कोणी फारसा मांडीत नाही. धान्याची गोणी सामान्यतः ५० किलोंची असते. युरियाची गोणी २०१८ सालापासून ४५ किलोंची झाली आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ साली सुधारून दिलेल्या सूत्रात, परिस्थिती सर्वथा अनुकूल असली तरीही हाताने उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. आपली गोणी ह्याच्या दुपटीहून जड आहे. ती वर्षानुवर्षे पाठीवर वाहणाऱ्याची कंबर अकाली खचली, तर त्यात नवल ते काय?

अशा वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुण ह्या प्रश्नाकडे वळतात, ही समाधानाची गोष्ट होय. उच्च शिक्षणसंस्थांनी खेडी निवडून तेथील अडचणींवर काम करावे, ह्या हेतूने २०१४ साली उन्नत भारत अभियान सुरू झाले. शेवटच्या वर्षाचे चार-पाच विद्यार्थी एकत्र येतात, आराखडा काढतात, हिशेब करतात, लहान प्रतिरूप बनवितात आणि अखेर पूर्ण आकाराचा नमुना उभा करतात. कार्यशाळेच्या सपाट फरशीवर नमुन्याने ५० किलो वजन उचलले की परीक्षा पार पडते. पुढे विद्यार्थी नोकरीस लागतात आणि पुष्कळदा ते यंत्र आवारात गंजत पडते. आमचे मत असे की, यंत्राची खरी प्रगती तेथूनच पुढे सुरू व्हावयास हवी, आणि ती घडवून आणण्यात ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचा व शेतकऱ्याचा वाटा विद्यार्थ्यांइतकाच मोठा आहे.

ह्यास पाणी उचलण्याच्या एका परिचित साधनाचा दाखला देता येईल. कठीण खडकात विंधनविहिरी घेतल्यावर त्यांवर प्रथम बिडाचे हातपंप बसविण्यात आले. ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी योजलेले होते. सबंध गाव सकाळपासून रात्रीपर्यंत पंप चालवू लागताच ते मोडू लागले. ह्या मोडतोडीचा अनुभव घेऊन जालना व सोलापूर येथे काम करणाऱ्या मिशनच्या कारागिरांनी पोलादी पंप घडविले. सोलापूरच्या पंपातील सुधारणांच्या आधारे, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप सिद्ध झाला व कोइमतूर भागातील विहिरींवर त्याची कसोटी घेण्यात आली. पुढे सर्व नळ वर न काढता आतील दट्ट्या बाहेर घेता यावा, म्हणून ‘मार्क ३’ निघाला. ही प्रत्येक सुधारणा प्रत्यक्ष वापरात उघड झालेल्या दोषातून जन्मली. गोणी उचलणाऱ्या यंत्रासही हाच मार्ग आहे.

यंत्राविषयी एक भ्रम मात्र आरंभीच दूर केला पाहिजे. यंत्र काम कमी करीत नाही. ते केवळ वाटून देते. कप्पी किंवा दातेरी चाकांच्या योजनेने बळ दहापट वाढविले, तर ५० किलोंच्या गोणीसाठी घर्षण सोडून ५ किलोंचा जोर पुरेल. परंतु गोणी एक मीटर वर नेण्यास हात दहा मीटर फिरवावा लागेल. म्हणजे श्रम हलके होतात, पण वेळ लागतो. एका गोणीस दीड मिनिट लागले, तर चाळीस गोण्यांस एक तास जाईल. पावसाचे ढग दाटून आले असता हा तास शेतकरी देईल काय? हा प्रश्न कार्यशाळेत कोणी विचारीत नाही. तो खळ्यावरच विचारला जातो.

म्हणून विद्यार्थी गावात आले म्हणजे कार्यकर्त्याने त्यांस सभेच्या ओट्यावर न नेता खळ्यावर न्यावे. ट्रॉलीचा फाळका जमिनीपासून किती उंच आहे, हे त्यांच्यासमोर मोजावे. भुसभुशीत मातीत लहान चाके रुततात, हे दाखवावे. गोणी वर गेल्यावर यंत्राचा तोल कोणत्या बाजूस जातो, हे पाहावे. दांडा हातून सुटला तर गोणी खाली न कोसळता खटक्याने जागीच अडते की नाही, हे सर्वांत आधी तपासावे. ही परीक्षा प्रथम हलक्या वजनाने, मग पूर्ण भाराने आणि शेवटी सव्वापट भाराने घ्यावी. उचललेल्या वजनाखाली कोणासही उभे राहू देऊ नये. मोडलेला भाग गावच्या लोहाराला किंवा वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येईल काय, हेही त्या कारागिरासच विचारावे. आणि गोण्या भरण्याचे काम स्त्रिया करीत असतील, तर दांड्याची उंची व जोर ठरविताना त्यांचाच हात प्रमाण मानावा.

शेतकरी बंधूंनीही भिडेखातर ‘छान आहे’ असे म्हणून पाहुण्यांची बोळवण करू नये. त्या गोड शब्दांनी यंत्राचे नुकसानच होते. कोठे अडले, काय वाकले, कोणत्या कारणाने यंत्र बाजूस ठेवून गोणी पुन्हा पाठीवर घ्यावी लागली, हे स्पष्ट सांगावे.

महाविद्यालयांसही आमची एक सूचना आहे. नमुना निदान एक सुगीभर गावात ठेवावा, त्यासोबत नोंदवही द्यावी आणि ती वही पुढील वर्षीच्या गटाच्या हाती सोपवावी. नवा गट पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करण्याऐवजी मागील गटाच्या दोषांपासून सुरुवात करील. किती नमुने केले ह्यावरून प्रगती मोजू नये. किती दोष शोधून दूर केले, ह्यावरून ती मोजावी. कार्यकर्त्याने येत्या सुगीपूर्वी जवळच्या महाविद्यालयाशी पत्रव्यवहार करून असा एक नमुना आपल्या गावी मागवून घ्यावा. त्याच्या नोंदवहीतील चार प्रामाणिक ओळींनी उद्याच्या कित्येकांच्या पाठीवरील ओझे उतरेल.