नंदू भेंडेंना मानवंदना पेण-रोह्यात का नको?

पेण किंवा रोह्यात जुन्या गाण्यांची मैफल म्हटली की किशोरकुमार, रफी, आर. डी. बर्मन ठरलेले. नंदू भेंडे यांचे नाव कुणी घेत नाही. ते घ्यायला हवे, आणि तेही कराओकेवर नव्हे, वादकांना मंचावर बसवून.

कोण हे भेंडे?
अभिनेते आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. सत्तरच्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गाणारा मराठी तरुण. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते ज्यूडस होते. १९७८मध्ये जब्बार पटेल यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. ब्रेख्तच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर. त्यात भेंडे अंकुश झाले. नाट्यसंगीत आणि लावणीच्या शेजारी रॉक उभे राहिले. मराठी रंगभूमीवरचा हा धाडसी प्रयोग होता. ११ एप्रिल २०१४ रोजी भेंडे गेले.

प्रत्यक्षच का?
नाटकातले गाणे इअरफोनवर निम्मेच पोहोचते. मुंबईतल्या रात्रीच्या मैफलीला जायचे, तर रोहेकराचे अर्धे लक्ष परतीच्या गाडीकडे.

इथे जमेल?
जमेल. विसर्जन मिरवणुकीतली बँजो पार्टी पाहा: कीबोर्ड, ऑक्टोपॅड, स्पीकरला जोडलेला बँजो. रॉकला आणखी काय लागते? (गायक लागतो, हे खरे.)

परवानगीचे काय?
पु. ल. २०००मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणून मंडळांनी तंबूवाल्याआधी हक्कधारकांना गाठावे.