एमबीएचा फॉर्म भरण्यापूर्वी



उसाचा हप्ता बँकेत जमा झाला की हल्ली त्यातला मोठा वाटा मुलांच्या शिक्षणाला जातो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एमबीएच्या बाबतीत आपली रीत उलटी चालली आहे, हे स्पष्टच लिहितो. क्लासवाला सांगतो म्हणून पोरगा कॅट, झॅट, सीमॅट, सीईटी असे दिसेल ते फॉर्म भरतो आणि गुण बसतील तिथे प्रवेश घेतो. लागण करताना आपण असे करतो का? क्षारपड रानाला २६५, निचऱ्याच्या रानाला ८६०३२ हे आधी ठरते, बेणे मागाहून येते.

आधी संस्था बघावी, मग परीक्षा. राज्यातल्या महाविद्यालयात जायचे तर सीईटी. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वेग लागतो. आयआयएमसाठी कॅट. तिथे पर्याय चुकला की एक गुण जातो, म्हणजे ठोकून देण्याची सवय नडते. दोन्हींची तयारी एकाच पद्धतीने करणारा दोन्हीकडे कमी पडतो. पेपर दोन्हीकडे इंग्रजीत, तेव्हा मराठी शाळेतल्या मुलाने वर्षभर आधी वाचनाला लागलेले बरे.

आता पैशाचे. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे. एकरी ५० टन आणि टनाला ३,४०० रुपये धरले तर एकराचे बिल १,७०,००० होते. म्हणजे जवळजवळ बारा एकरांचे बिल, तेही खत-पाणी वजा न करता! तरी तिथे शैक्षणिक कर्ज मिळते, नोकरीही बहुधा लागते. खरा घात होतो तो नाव नसलेल्या कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर. सरकारच्या कॅप फेरीतून प्रवेश घेतला तर पात्र मुलाला राजर्षी शाहू योजनेतून शुल्कात सवलत मिळते. कोट्यातून घेतला की ती गेली. सोसायटीचा बोजा चढवून असली जागा घेणे मला तरी पटत नाही.

आणि सगळ्यांनी मुंबईच्या बँकेतच का जावे? डॉ. कुरियन यांनी १९७९ साली आणंदला उभी केलेली इर्मा गावच्या संस्था चालवणारी माणसे घडवते. २०२५ पासून ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग आहे. तिथे कॅटचे गुण चालतात, मात्र अर्ज वेगळा करावा लागतो. पुण्याला वैकुंठ मेहता संस्था आहे, कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम आहे. साखर, इथेनॉल, वीज यांचे हिशोब समजणारी घरची पोरे कारखान्याला नकोत काय?

अशा मुलांना गळीत हंगामात दोन महिने शेतकी आणि हिशोब विभागात विद्यावेतनावर घ्यावे, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे.

— एक ऊस उत्पादक सभासद