मुलांच्या टक्क्यांसाठी शास्त्रवचनाचा मंत्र करू नका

अल क्वोजमधून लिहितेय. पोस्ट लांब आहे आणि थोडी कडू. राग आला तर खाली लिहा, पण आधी पूर्ण वाचा.

लेकीचा दहावीचा निकाल लागला. 71 टक्के. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर वर्षभर "जाहीर करा" चाललं होतं. रोज सकाळी मुलांनी मोठ्याने म्हणायचं, "मला 95 टक्के मिळालेत." मिळतील नाही, मिळालेत! मीही म्हणवून घेतलं. निकालाच्या रात्री तिने विचारलं, "मम्मी, माझा विश्वास कमी पडला का?"

मी सीए आहे. न कमावलेली रक्कम उत्पन्नात धरणाऱ्या क्लायंटला मी सोडत नाही. घरात मात्र वर्षभर तेच केलं.

ही शिकवण विसाव्या शतकातल्या अमेरिकेतली. केनेथ हेगिनसारख्या प्रचारकांनी ती पसरवली: विश्वासाने बोला, म्हणजे मिळेल. आधाराला मार्क 11:23, डोंगर हलवण्याचं वचन. पण खरं सांगू? आजी म्हणायची ना, "शुभ बोल, वास्तू तथास्तु म्हणते"? तेच आहे हे. आपण फक्त खाली बायबलचा संदर्भ चिकटवलाय.

पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. गेला नाही. गेथशेमानेत खुद्द प्रभूने प्याला टळावा असं मागितलं आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

आपल्या पंडिता रमाबाई बघा. म्हातारपणी, कान गेलेले असताना, केडगावला बसून साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतरित करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा 40व्या वर्षी गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. बायबल 1924 मध्ये मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. शब्दासाठी एवढं झिजलेल्या बाईला "ताई, तुम्ही नीट जाहीर केलं नाहीत" असं सांगायची कुणाची हिंमत आहे?

शब्दात ताकद नाही असं मी म्हणतच नाही. ती कुठे आहे ते याकोबाच्या 3ऱ्या अध्यायात आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप. आता आपलं तोंड तपासा. "तुझ्या फीला किती दिरहम जातात माहितीये?" "तुझ्यासाठी देश सोडला आम्ही." आणि सगळ्यात वाईट: इथल्या सिग्नलला कामगारांची बस शेजारी थांबते, निळ्या कपड्यातली घामेजलेली माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असतात, आणि आपण मागच्या सीटवरच्या पोराला सांगतो, "अभ्यास नाही केलास तर असा होशील." मीही म्हटलंय, एकदा नाही. 2022 पासून इथे रविवारी सुट्टी असते, उपासनेला त्यांच्यातलेच काहीजण आपल्या बाकावर बसतात. त्यांच्याशी हात मिळवताना पोराच्या डोक्यात काय चालत असेल?

निकालाच्या त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, "चूक माझी होती, तुझी नाही. देवाचीही नाही." ती "बरं" म्हणाली आणि परत फोनमध्ये शिरली.

ग्रुप सोडलेला नाही. उद्या सकाळी "जाहीर करा" आलं की हेच तिथेही टाकणार आहे.