पुढे मामा आहेत!

दिवाळी अंकासाठी लिहायचे तर दिव्याविषयीच लिहा, असे संपादकांनी मला कधी सांगितलेले नाही. पण हाताला तशी सवय लागली आहे. पणती झाली, आकाशकंदील झाला, समईही होऊन गेली. ह्या वर्षीचा दिवा मात्र कुठल्याच दिवाळीत लागणारा नाही. तो हरभऱ्याएवढा आहे, तांबडा आहे आणि माझ्या भाच्याच्या मोटारसायकलच्या हँडलवर बसवलेला आहे.

भाचा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला, आम्ही वणीला. मध्ये दिंडोरी. शनिवारी संध्याकाळी ‘निघतो’ म्हणून त्याचा फोन येतो, आणि मामीने भाकरीचे पीठ मळायला घ्यावे तोवर स्वारी दारात हजर! ह्या चपळाईचे कौतुक मामीला, काळजी मला. गेल्या वर्षी ती काळजी मी दोनदा बोलून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुम्ही दंडाची चिंता करू नका. आता माझ्याकडे यंत्र आहे.” जणू मी दंडाचीच चिंता करीत होतो!

यंत्र म्हणजे रडार ओळखणारी काड्यापेटीएवढी डबी. तिकडे अमेरिकेत असलेल्या मित्राने सुट्टीवर येताना आणून दिलेली. पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारच्या लहरी दुरून येऊ लागल्या की ही डबी सावध होते. मोटारीत ती टी-टी असा आवाज करते. मोटारसायकलवाल्याच्या कानावर हेल्मेट, हेल्मेटवर वारा. त्याला आवाज कुठला ऐकू येणार? म्हणून त्याच्यासाठी आवाजाऐवजी दिवा. काही शौकीन तो हेल्मेटच्या आतच, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल असा बसवतात, असे भाच्याने सांगितले. आमच्या भाच्याने तो वेगाच्या काट्याशेजारी बसवला होता.

ह्यामागचे शास्त्र मोठे मौजेचे आहे. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना बारीक लागते आणि पुढे गेली की जाड होते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचे कारण डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. रडार तेच करते. फक्त शिट्टीच्या जागी रेडिओच्या लहरी. लहर गाडीवर आदळून परत येते आणि येताना किती बदलली त्यावरून गाडीचा वेग कळतो. पोलिसाने लहर सोडायची आणि आपण ती आधीच हुंगायची, असा हा उंदीर-मांजराचा खेळ.

परंतु आमच्याकडचे मांजर वेगळ्या जातीचे निघाले. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या गाड्यांत जी स्पीडगन असते ती लेझरवर चालते. रडारची लहर पाण्यासारखी चहूकडे पसरते. लेझरचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद. तो नेमका तुमच्याच गाडीवर रोखलेला असतो आणि क्षणार्धात काम उरकतो. म्हणजे दिवा लागलाच, तर त्याचा अर्थ ‘पुढे पोलीस आहेत’ असा नसून ‘झाले ते झाले, चलन मोबाइलवर येईल’ असा! उलट मोठ्या दुकानांची आपोआप उघडणारी काचेची दारे आणि नव्या मोटारींच्या बाजूला बसवलेली रडारे सेकंदाला चोवीस अब्ज कंपनांच्या त्याच लहरी वापरतात. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या कापडाच्या दुकानासमोर दिवा हटकून लागे. “मामीला साडी घे म्हणतोय तो,” असे मी म्हणालो, ते भाच्याला आवडले नाही.

हा दाखला मला प्रत्यक्ष मिळाला तो गेल्या वर्षी कोजागरीच्या आदल्या रात्री. नाशिकला व्याख्यानासाठी गेलो होतो. आभारप्रदर्शन नेहमीप्रमाणे व्याख्यानापेक्षा लांबले आणि माझी एस.टी. चुकली. भाचा म्हणाला, “बसा मागे, सोडतो.” बसलो. हेल्मेट डोक्यावर, पिशवी पोटाशी, जीव मुठीत.

कोजागरीच्या सुमारास आमच्या रस्त्यावर वाहनांपेक्षा पायांची गर्दी अधिक. ठिकठिकाणचे कावडधारी नद्यांचे पाणी घेऊन सप्तशृंगीच्या गडाकडे चालत असतात. पाय अनवाणी, खांद्यावर कावड. रात्रीचा गारवा बरा म्हणून ते रात्रीच अधिक चालतात. दिंडोरी मागे पडली. चंद्र जवळजवळ पुरता भरला होता. पण परतीच्या पावसाचे ढग त्याला डोके वर काढू देत नव्हते.

साध्या रस्त्यावर मोटारसायकलला ताशी साठ किलोमीटर ही कमाल मर्यादा केंद्र सरकारने २०१८ साली ठरवली. भाच्याचा काटा त्याच्या पुढे होता. मी हिशेब केला: साठाच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. दिवा लागला का हे पाहण्यासाठी दोन सेकंद मान खाली घातली, की तेहतीस मीटर रस्ता न पाहता गेला. माझ्यासमोर भाच्याचे हेल्मेट दर थोड्या वेळाने खाली लवताना दिसत होते. नमस्कार गडाला नव्हता, दिव्याला होता.

इतक्यात समोरून एक मालमोटार आली आणि तिच्या चालकाने दोनदा डिपर दिला. दिवा वर, खाली, वर, खाली.

ही आपल्या रस्त्यांवरची जुनी भाषा. तिचे व्याकरण कुणी लिहिलेले नाही, पण चालकांना ती पाठ असते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा कायम लागलेला राहू लागला, तेव्हा भर दुपारी समोरचा प्रत्येक भला माणूस बोटांची उघडझाप करून ‘दिवा चालू राहिलाय’ असे सांगे. आता ते थांबले. पण डिपर अजून आहे. त्याचा रूढ अर्थ एकच.

“पुढे मामा आहेत!” भाचा ओरडला, आणि त्याने वेग एकदम निम्म्यावर आणला. मागे बसलेल्या मामाने आयुष्यभर सांगून जे झाले नाही, ते न दिसणाऱ्या मामांनी एका क्षणात केले.

पुढे वळण होते. वळणापलीकडे मामा नव्हते. रस्त्याच्या मधोमध, टायर फुटून एका अंगावर कललेली, टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीही नाही. आणि तिला वळसा घालून सात-आठ कावडधारी एका रांगेत चालले होते. त्यांत दोन बाया, आणि एक दहा-बारा वर्षांचा पोर.

गाडी थांबली. पुढचे चाक आणि ट्रॉली ह्यांच्यात हातभर अंतर राहिले. ताशी साठाने आलो असतो तर ट्रॉली चुकवायला गाडी उजवीकडे गेली असती, आणि उजवीकडे ती माणसे होती. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. हँडलवरची डबी गप्प होती. तिला बोलण्याचे कारणच नव्हते. ट्रॉलीतून कसल्या लहरी निघतात!

ट्रॅक्टरवाला जॅक आणायला पुढच्या वस्तीवर माणूस पाठवून ताटकळत बसला होता. मी जरा कडक स्वरात विचारले, “मागे रिफ्लेक्टर नाही का हो लावायचा?”

“आहे ना, सर. लावलेला आहे.”

भाच्याने मोबाइलचा उजेड टाकला. खरेच होता, पण शेतातल्या चिखलाने थापला गेला होता. भाच्याने खिशातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि ते दोन्ही तांबडे चकते घासून पुसले. मग तो गाडी घेऊन वळणाअलीकडे गेला आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाला डिपर देत उभा राहिला. चाक बदलेपर्यंत, चांगला पाऊण तास. येणारे सगळे हळू होत. कित्येकांनी हेल्मेट घाईघाईने डोक्यावर चढवले. तेवढाच फायदा!

त्या पाऊण तासात मला वाटले, की इशारा कुणी कुणाला द्यायचा, ह्याचा आपण जरा घोटाळाच करून ठेवला आहे. पोलिसांना आपली वाट चोरून ठेवण्याची फारशी हौस नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर पडली तिच्याप्रमाणे, जिथे यंत्राने वेग मोजायचा त्या पट्ट्याच्या अगोदर ठळक सूचना लावणे सरकारवर बंधनकारक आहे. म्हणजे इशारा फुकट आहे. फक्त मान वर ठेवून वाचायला हवा. फ्रान्समध्ये २०१२ साली, कॅमेरे नेमके कुठे आहेत हे सांगणाऱ्या यंत्रांवर बंदी आली. तेव्हा ती यंत्रे ‘पुढे कॅमेरा’ म्हणायचे सोडून ‘पुढे धोक्याचा पट्टा’ असे म्हणू लागली. दिवा तोच; शब्द बदलला. पण ‘कॅमेरा’ म्हटले की माणूस खिसा चाचपतो, ‘धोका’ म्हटले की रस्ता पाहतो.

आम्हा वणीकरांना हा शब्द नवा नाही. जानेवारी २००८ मध्ये गडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये त्याच घाटात एस.टी. खाली गेली. त्या दिवशी कुठल्या दंडाची भीती कुणाच्या मनात होती?

त्या मालमोटारीच्या चालकाला आम्ही पाहिले नाही, आणि पुढे वणीपर्यंत एकही पोलीस भेटला नाही. त्याने डिपर दिला होता तो ट्रॉलीसाठी. आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला आणि वाचलो. व्याकरण शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. चुकीच्या अर्थाचे इतके उपकार माझ्यावर पूर्वी कधी झाले नव्हते.

डबी भाच्याने काढून टाकली, असे लिहिले तर गोष्ट छान संपेल. पण तसे झाले नाही. ती अजून हँडलवर आहे. अमेरिकेहून आलेली वस्तू, फेकवत नाही म्हणतो. मात्र आता त्याच्या डिकीत एक ओला फडका आणि तांबड्या चकचकीत पट्टीचे एक भेंडोळे असते. वाटेत उभी ट्रॉली दिसली की स्वारी उतरते. त्यामुळे शनिवारी त्याला यायला उशीर होतो, आणि मामीच्या भाकरी गार होतात.

परवा पोचल्यावर म्हणाला, “मामा, दिंडोरीजवळ मामा उभे होते.”

“मग? दिवा लागला का तुझा?”

“कुणास ठाऊक. मी पाहिलाच नाही,” तो म्हणाला. “पुढे बैलगाडी होती.”