आईची वाडी, बाबांचा सातबारा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या वर्षी आपल्या मंडळातल्या एका मुलीने तिच्या नव्या संसाराचे फोटो दाखवले. मुलगी म्हणजे छत्तिशीची, दोन मुलांची आई, पण माझ्या वयाला सगळ्या मुलीच. ओमाहाच्या बाहेर पाच एकर जागा घेतलीय, अकरा कोंबड्या पाळल्यात, टोमॅटोच्या बरण्या भरते, साबण घरी करते, पाव घरी भाजते. आणि हे सगळं बँकेतली नोकरी सांभाळून. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. फोटोतल्या कोंबड्या खरंच देखण्या होत्या.

टाळ्या थांबल्यावर माझ्या मागून आवाज आला, "आपल्या आयांचं काय, त्या घरीच असायच्या. त्यांना वेळच वेळ. कौतुक हिचं."

कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिळगूळ घेऊन गोड बोलणं अवघड झालं असतं.

परतताना गाडीत माझी चौदा वर्षांची लेक म्हणाली, "आई, आजी पण होमस्टेडरच ना?" मी म्हटलं, होय, हा शब्द तेवढा तिला माहीत नव्हता. "मग आजीची लँड कुणाच्या नावावर?" आजोबांच्या. "आजोबा फार्मिंग करायचे?" नाही, ते बोईसरला कंपनीत होते. "मग कसं काय?"

त्या "कसं काय"चं उत्तर गाडीत देता आलं नाही. म्हणून हा लेख. संपादकांनी पाडव्याच्या अंकासाठी फराळाबद्दल काहीतरी खुसखुशीत मागितलं होतं. क्षमस्व.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीची आमची वाडी तीन एकरांची. चिकू, कडेने नारळ, मधल्या मोकळ्या जागेत केळी, विहिरीशेजारी भाजीचे वाफे, घरामागे गावठी कोंबड्यांचं खुराडं. बाबांच्या तीन पाळ्या. पहिली पाळी असली की आई चारला उठून डबा करायची, रात्रपाळी असली की दिवसभर आम्हा भावंडांना दबक्या आवाजात वाढवायची. मधल्या वेळात वाडी. वीज रात्री आली तर मोटर रात्री लावायची आणि बॅटरी घेऊन एकेका आळ्यात पाणी पोचलं का बघत फिरायचं. चिकू काढायचे दिवस असले की उन्हं चढायच्या आत फळ उतरवायचं, वरचा भुसा निघेपर्यंत धुवायचं, सावलीत पसरायचं, लहानमोठं निवडून भरायचं. चिकू हे फळ समजूतदार अजिबात नाही. कच्चं काढलं तर पिकल्यावरही चिकट लागतं, एक दिवस उशीर झाला तर वाटेतच बसतं. कुठलं आज काढायचं आणि कुठलं परवा, हे आई सालीवरून नख फिरवून सांगायची. बाबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही.

मे महिन्यात आगोटीची धांदल. मिरच्या वाळवून मसाला कुटायचा, बोंबील आणि जवळा भरून ठेवायचा, चिंच फोडायची, पापड, लाकूडफाटा कोरड्यात, झावळ्या शाकारायला. चार महिन्यांची बेगमी पंधरा दिवसांत. शिवाय आई ओळखीच्या घरांना मसाला करून द्यायची, त्याचे पैसे डब्यात. माझं फॉर्म भरायचं काम त्याच डब्यावर चालायचं.

आता गंमत बघा. या सगळ्या राज्यकारभारात आईचं नाव एकाही कागदावर नव्हतं. दलालाची पट्टी यायची ती बाबांच्या नावाने. सोसायटीचं पीककर्ज बाबांच्या नावावर. एका वर्षी वादळात केळी आडवी झाली तेव्हा पंचनाम्याला माणूस आला. आई चिखलात उभी राहून किती खोडं पडली ते मोजून सांगत होती. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, "खातेदार कुठे आहेत?" आई म्हणाली, "कंपनीत गेलेत. मी आहे ना." "तुम्ही आहात हो, पण सहीला त्यांना पाठवा."

बाबा दुसऱ्या दिवशी रजा काढून सहीला गेले. त्यांना खोडांचा आकडा आईने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला होता.

जनगणनेत विचारलं की आई "घरकाम" सांगायची आणि रकाना भरला जायचा. केंद्र सरकारच्या 2019 सालच्या वेळेच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97, असं निघालं. पण मोटर लावायला रात्री दोनला उठणं हे घरकामात धरायचं की शेतीत? आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, झोपमोडीत धरा.

लेक चौथीत असताना तिच्या शाळेची सहल इथून दीड तासावर बियॅट्रिसला गेली होती, होमस्टेड कायद्याचं राष्ट्रीय स्मारक पाहायला. तिच्या ते लक्षात राहिलं होतं, मी घरी येऊन पुन्हा वाचलं. लिंकनने 1862 साली कायदा केला. 160 एकर सरकारी जमीन, सगळी मिळून 18 डॉलर फी. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची की होय, या माणसाने हे केलं. मग कागद हातात. एकवीस वर्षांवरची एकटी बाई हा अर्ज करू शकत होती, विधवा करू शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी बायको सहसा स्वतःच्या नावाने करू शकत नव्हती. म्हणजे घर बांधलं, जमीन कसली, सगळं केलं, तरी लग्न आड आलं. लेक म्हणाली, "म्हणजे आजीला इथेही मिळाली नसती." तेवढ्यापुरते नेब्रास्का आणि चिंचणी सख्खे शेजारी.

मला वाटतं, आपल्या वाडीची पण अशीच साक्ष काढली असती तर? पाच नाही, आईची चाळीस वर्षं झाली. दोन नाही, सगळी आळी साक्षीला आली असती. पण आपल्याकडे कसण्याची साक्ष कुणी मागत नाही, नाव कुणाचं ते बघतात.

बाबा गेले तेव्हा वारसनोंदीसाठी फेरफार झाला आणि आईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा सातबाऱ्यावर चढलं. कशामुळे चढलं? वाडी राखली म्हणून नाही, विधवा झाली म्हणून. दादाने फोटो पाठवला तेव्हा मी इथे ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो मोठा करून करून पाहत होते. तिच्या नावात एक वेलांटी चुकली होती.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. आईच्या नावाबरोबर दादाचं आणि माझंही नाव लागलं होतं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत 1994 साली हक्क दिला, केंद्राने 2005 साली, हे मला पाठ आहे, मंडळाच्या महिला दिनाला मीच त्यावर बोलले होते. वर्षभरात दादाने हक्कसोडीचा कागद पाठवला. "तू काय येणार आहेस का चिकू काढायला?" प्रश्न बरोबरच होता. मी सही केली. मला वाटत होतं मी आईसाठी सोडतेय. कागद दादाच्या नावाचा होता. नीट वाचला असता तर कळलं असतं, पण माहेर तुटायला नको या घाईत माणूस वाचत नाही. दादा वाईट नाही, आईला जपतो, वहिनी तिचं सगळं करते. त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

"नावात काय आहे" असं म्हणणाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात एक चक्कर मारावी. आमच्याकडे जमीन नुसती कसायची नसते, ती कधी ना कधी कुठल्या तरी प्रकल्पात जायची असते. तारापूरची अणुभट्टी 1969 साली सुरू झाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही अख्खी गावं उठली. बोईसरची एमआयडीसी. मालगाड्यांचा वेगळा मार्ग, वडोदऱ्याचा महामार्ग, बुलेट ट्रेन, जिचं एक स्टेशन बोईसरला होतंय. आता वाढवण बंदर, त्याचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झालं. बंदर समुद्रात भराव घालून होणार, पण त्याला जोडणारा रस्ता आणि रूळ जमिनीवरूनच जाणार. प्रकल्प चांगला की वाईट हा वेगळा लेख, आणि विहिरीच्या पाण्याचा तर आणखी वेगळा. मी एवढंच म्हणते की मोबदल्याचा चेक सातबारा बघून निघतो. चाळीस वर्षं पाणी कुणी घातलं हे बघून निघत नाही. चेक खातेदाराच्या खात्यात जातो, त्यातून गाडी येते, बंगला येतो, आणि जिची वाडी गेली ती बाई फ्लॅटच्या गॅलरीत तुळस लावते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला हे केव्हाच दिसलं होतं. 1986 साली चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्याने जिवंतपणी, आपण होऊन, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. उपकार म्हणून नाही, देणं म्हणून. हजारो पुरुषांनी करून दिला. आमच्या बाजूला ते वारं पोचल्याचं मला आठवत नाही. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलंय, छान झालं. सातबाऱ्यावर यायला काय हरकत आहे?

तेव्हा मंडळातल्या दादाभाऊंना माझं सांगणं: गावाकडे तुमची शेतं, वाड्या, बागा आहेत. महाभूलेख उघडा, गट नंबर टाका, सातबारा बघायला पैसे पडत नाहीत. त्यावर तुमचं नाव असेल, भावाचं असेल. आईचं आहे का बघा. वहिनीचं आहे का बघा. आपण दर वर्षी महिला दिनाला जांभळी साडी नेसून...

हे फारच प्रवचन झालं. जिने स्वतः न वाचता सही केली तिने दुसऱ्यांना गट नंबर शोधायला लावू नये. तरीही मी एका रात्री नवऱ्याला विचारलं, की तुमच्या वाड्याच्या शेतावर सासूबाईंचं नाव आहे का? त्याने फोनवरून डोकं न काढता म्हटलं, "असेल की." नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मला पूर्ण लिहिता येत नाही. आईच्या जोडीने आमच्या वाडीत एक वारली बाई यायची. आळी करणं, खत टाकणं, झावळ्या ओढणं, आईने जे केलं त्यातलं अर्धं तिने केलं. तिच्या आजीपणजीच्या काळी ती जमीन कुणाची होती कोण जाणे. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या मागे जे वारली उठले ते आमच्याच भागातले, वेठबिगारीविरुद्ध. मी आईचं नाव शोधत सातबारा मोठा करून पाहत होते, तेव्हा या बाईचं नाव माझ्या मनातही आलं नाही. लिंकनच्या 160 एकरांचंही तेच. ओमाहा हे मुळात इथल्या एका जमातीचं नाव आहे, आणि आपण ते पत्त्यात लिहितो.

आता त्या मुलीची माफी. हळदीकुंकवाला मी तिच्याशी धड बोलले नाही, वाण घेऊन सरळ निघाले. राग तिच्यावर नव्हता. उलट तिने एक गोष्ट आमच्या कुणाच्या आधी केलीय: त्या पाच एकरांच्या कागदावर नवऱ्याच्या बरोबरीने तिची सही आहे. मी फोन करून विचारलं, तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय काकू, असणारच ना?" त्या "असणारच ना"चा मला हेवा वाटला. साबणाचा नाही वाटला. साबण मी आजही दुकानातून आणते, आणि माझी शेती म्हणजे ऑक्टोबरात घरात ओढून आणायच्या कढीपत्त्याच्या दोन कुंड्या.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं, हक्कसोडीसकट. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाव लागलं म्हणून चिकू काय जास्त लागणार होते?" आणि थोडं थांबून, "पण त्या पंचनाम्याला मला सही करू द्यायला हवी होती."

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. एक कोंबडी खुडूक बसलीय, खोक्यातून उठत नाही, कुणी गेलं की चोच मारते, काय करू? मी म्हटलं, आईला विचारून सांगते. आई म्हणाली, त्यात काय विचारायचं, गार पाण्यात दोनदा बुडवून सोडायची. मी निरोप देणार इतक्यात तिनेच थांबवलं.

"तुमच्याकडे गार म्हणजे किती गार गं?"