काट्याचा आकडा कोणाच्या बापाचा?

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या गोंदियाकडे धान विकताना सगळा खेळ काट्यावर. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. चाळीस किलोच्या कट्ट्यामागे एक किलो इकडचं तिकडे झालं, की शंभर कट्ट्यांत एक क्विंटल गेला! आता काटे इलेक्ट्रॉनिक आलेत, काहींना यूएसबीची वायरही असते. ती लिनक्सला जोडून वजन वाचायचं म्हटलं की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "साहेब, ते विंडोजवरच चालतं. सॉफ्टवेअर आमचंच घ्यावं लागेल."

का म्हणून?

कीबोर्ड-माउस कुठल्याही मशीनला लावा, चालतात. कारण ते एचआयडी नावाचं जाहीर मानक पाळतात. त्याच मानकात वजनकाट्यांसाठीही वेगळं पान आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? असा काटा जोडला की लिनक्समध्ये एचआयडीरॉची फाईल तयार होते. ती उघडायची नि वाचायची, बस्स. बाजारात मिळणाऱ्या अशा एका काट्याचा रिपोर्ट सहा बाइटचा असतो: रिपोर्ट क्रमांक, स्थिती, एकक, दशांशचिन्ह कुठे, आणि शेवटचे दोन बाइट वजन. स्थितीचा बाइट मला सगळ्यात आवडतो. ३ म्हणजे काटा अजून हलतोय, ४ म्हणजे स्थिर झाला, ८ म्हणजे आधी शून्यावर आणा. हलत्या काट्याचा आकडा टिपला की नाही, हे चार ओळींचा प्रोग्रॅम सांगेल. हाताने टाईप केलेली पावती ते कधीच सांगणार नाही.

(ही फाईल मुळात रूटलाच वाचता येते. म्हणून अख्खा प्रोग्रॅम सुडोने चालवणारे महाभाग आहेत. अहो, त्या एका काट्यापुरता यूडेव्हचा नियम लिहा की!)

पण वायर यूएसबीची आणि आतली बोली कंपनीची खाजगी, असा माल सर्रास विकला जातो. वर ऐकवतात, "खुलं ठेवलं तर कोणीही छेडछाड करेल." साफ खोटं! वाचणं म्हणजे बदलणं नव्हे. काट्याच्या अचूकतेसाठी वैधमापन खात्याचं सील आहे. आकडा बदलायची सोय असलीच तर काटा आणि पावती यांच्या मधल्या त्या बंद सॉफ्टवेअरात, जिथे कोणालाच डोकावता येत नाही. प्लेटवर कोणी पाय ठेवला तर लिनक्स काय करणार, हेही खरं. पण म्हणून दुसरं भोकही उघडं ठेवायचं?

केंद्राचं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० चं, ओपन सोर्सचं २०१५ चं. कागद आहेत. खरेदी केंद्रांसाठी काटे घेताना निविदेत एकच ओळ हवी: काटा एचआयडी मानकाचा असावा, नाहीतर त्याचा डेटा फॉर्मॅट लेखी जाहीर करावा. तुमच्यापैकी कोणी निविदांचं काम बघत असेल, तर ती ओळ बिनधास्त इथून उचला.