क्यूआर कोड कोणाच्या नावाचा?

गेल्या आठवड्यात दापोडीत ओळखीच्या एका काकांकडे गेलो होतो. काका एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून फिटर म्हणून रिटायर झालेले. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी टेबलावर छोटा लॅम्प लावून एका बाईंच्या नखांवर काम करत होती. मी विचारलं, "काका, पार्लर काढलं का पोरीनं?"

काका म्हणाले, "कसलं पार्लर! नखं रंगवत बसते. लग्न होईपर्यंत टाइमपास."

मुलीनं मान वर केली नाही. ती फाईल चालवत होती. मला गंमत वाटली, कारण काकांनीही आयुष्यभर कानसच चालवली. बापाची लोखंडावर, लेकीची नखावर. एक हात जास्त फिरला की जॉब वाया, हे दोन्हीकडे सारखंच.

पण काकांना आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड होता. अप्रेंटिसशिप होती, तिच्यासाठी १९६१ पासून कायदा आहे. पगाराची स्लिप होती, पीएफ होता. लेकीनं एका क्लासमध्ये २५ हजार भरून पाच दिवसांचा 'मास्टर कोर्स' केलाय. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. ते बघून बँकेतला साहेब काही खुर्ची देत नाही.

बाई उठल्या, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, गेल्या. मी सहज विचारलं, महिन्याला किती सुटतात? मुलगी म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार दादा. पैसे भावाच्या खात्यात जातात. सामान आणायचं असलं की त्याच्याकडून घेते."

ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी लिहितोय.

भाऊ वाईट नाही. तिचं यूपीआय चालू नव्हतं, म्हणून त्याचा कोड लावला, इतकंच. पण परिणाम बघा. ती दोन वर्षं काम करतेय आणि कागदावर तिनं एक रुपयाही कमावलेला नाही. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. योजना २०१५ पासून आहे. पण बँक खात्याचं स्टेटमेंट बघणार. स्टेटमेंट भावाचं, धंदा बहिणीचा, मग कर्ज कोणाला?

आणि हा टाइमपास नाही, हे काकांना हिशेबानं सांगतो. समजा जेल पॉलिशचे ५०० घेतले. सामान, वीज, फेकायच्या फाईली धरून १०० गेले. वेळ तासभर. रोज तीन गिऱ्हाईकं आणि महिन्याला २५ दिवस धरले तर ३० हजार उरतात. आपल्या पट्ट्यात चाकणला कंत्राटी कामाला जाणारी किती पोरं एवढे घरी आणतात, तुम्हीच सांगा. अर्थात रोज तीन गिऱ्हाईकं येत नाहीत, हीच मेख आहे. कंपनीत लाईनवर उभ्या राहणाऱ्या मुलींना लांब नखं परवडत नाहीत. गिऱ्हाईक नदीपल्याड सांगवीत, पिंपळे गुरवमध्ये, लग्नसराईत, नाहीतर ऑफिसात जाणाऱ्या बायकांत. १ ऑगस्ट २०२३ पासून दापोडीत मेट्रो थांबते, त्यामुळे शिवाजीनगरपर्यंत घरपोच जाता येतं. एकदा आलेली बाई तीन आठवड्यांनी रिफिलला परत आली तर धंदा उभा राहतो. म्हणून वही हवी. कोण आलं, कधी आलं, काय लावलं, पुन्हा कधी बोलवायचं. रील बघून बाई पहिल्यांदा येते, दुसऱ्यांदा ती स्वच्छ हत्यारं बघून येते.

मोठ्या पार्लरची स्पर्धाही वाढली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. हजाराच्या कामाचं बिल ११८० होतं, ते १०५० वर येऊ शकतं. घरी बसून काम करणारीची उलाढाल २० लाखांच्या आत, तिला जीएसटी नव्हताच. म्हणजे तिच्या स्वस्ताईचा फरक कमी झाला.

आता सरकारकडे वळू. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ कारागिरी त्यात धरल्या. न्हावी आहे, धोबी आहे, शिंपी आहे, माळी आहे. चांगलंच आहे. त्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, ५ टक्क्यांनी कर्ज. नखांचं काम करणारी, ब्युटीपार्लरवाली त्यात नाही. हातानं आणि अवजारानं पोट भरणारी ही पण कारागीरच की!

तब्येतीचाही विषय आहे. फिटरला गॉगल आणि बूट मिळतात. या पोरी बंद खोलीत नखांची धूळ आणि अ‍ॅसिटोनचा वास दिवसभर घेतात. न सुकलेलं जेल कातडीला वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. जेलमधलं टीपीओ नावाचं रसायन युरोपियन युनियननं १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं. पाच दिवसांच्या क्लासात बाटलीवरची यादी वाचायला किती जण शिकवतात?

१९७५ ची गोष्ट. व्हिएतनाम युद्धानंतर कॅलिफोर्नियात निर्वासित बायकांची छावणी होती. टिपी हेड्रन ही सिनेनटी तिथं मदतीला जायची. बायकांना तिची नखं आवडली, म्हणून तिनं आपल्या मॅनिक्युरिस्टला बोलावून साधारण वीसजणींना काम शिकवलं. त्या परवाना घेऊन उभ्या राहिल्या. आज अमेरिकेतल्या नेल सलूनच्या धंद्यात व्हिएतनामी लोकांचा मोठा वाटा आहे. हात त्यांचेही असेच होते. जोडीला अधिकृत परवाना होता, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं असं. महापालिकेनं आणि आयटीआयनं या कामाचा नीट, कमी फीचा, स्वच्छता आणि रसायनं शिकवणारा कोर्स चालवावा, पार्लरमध्ये अप्रेंटिसशिप द्यावी. विश्वकर्माच्या यादीत या कामाला जागा मिळावी. हे व्हायला वेळ लागेल.

घरातलं मात्र आजच होईल. मुलीचं खातं, मुलीचं यूपीआय, मुलीच्या नावानं उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

काकांना मी निघताना एवढंच म्हणालो, "तुमची पगाराची स्लिप तुमच्या भावाच्या नावानं निघाली असती तर चाललं असतं का?" काका काही बोलले नाहीत. काल मुलीचा मेसेज आला. भिंतीवर नवीन क्यूआर कोडचा फोटो, खाली तिचं नाव.

तुमच्या घरात शिवणकाम, डबे, मेंदी, क्लास, काहीही चालत असेल, तर आज एकदा भिंतीवरचा कोड बघा. पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघा.